तायक्वांदोचा क्लास लावताना: शिक्षक, बेल्ट आणि डॅन कसे पारखावेत

तायक्वांदोच्या क्लासची चौकशी करताना आई-बाबा बहुतेक दोनच प्रश्न विचारतात: फी किती, आणि ब्लॅक बेल्ट किती वर्षांत? सरांना स्वतःचा डॅन, म्हणजे ब्लॅक बेल्टची पातळी, कुठून मिळाला, बेल्टच्या परीक्षेवर सही कोणाची असते आणि शेवटी हातात पडणारं सर्टिफिकेट क्लासच्या बाहेर कोणी मानतं का, हे प्रश्न सुचतात तीन-चार वर्षांनी. तोवर पैसेही गेलेले असतात आणि मुलाचा जीवही त्या क्लासमध्ये अडकलेला असतो. मी नोकरी सांभाळून मोठ्या वयात हे शिकायला सुरुवात केली आणि कुक्कीवॉनचा, म्हणजे कोरियातल्या तायक्वांदोच्या मुख्य केंद्राचा, पहिला डॅन घेतला. माझी मुलगी पूम, म्हणजे १५ वर्षांखालच्या मुलांना डॅनऐवजी मिळणारी पातळी, घेऊन पुढे गेली. त्या वाटेवर जे आधी कळायला हवं होतं, ते इथे क्रमाने लिहिते आहे.

सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की करा. पांढऱ्यापासून लाल बेल्टपर्यंतचा प्रत्येक बेल्ट तुमचा क्लास किंवा तुमची स्थानिक संघटना देते. कोरियात त्याची नोंद होत नाही. नोंद सुरू होते ती पूम किंवा डॅनपासून. म्हणजे पहिली दोन-तीन वर्षं तुम्ही फक्त शिक्षकाच्या भरवशावर चालत असता, म्हणून पारखायचा आहे तो शिक्षक, आणि तोही फी भरण्याआधी.

१. क्लास कोणत्या शाखेचा ते विचारा

बाहेरच्या पाटीवर नुसतं "तायक्वांदो" असतं, पण आत दोन वेगळ्या शाखा आहेत.

पहिली कुक्कीवॉन आणि वर्ल्ड तायक्वांदोची. कुक्कीवॉन म्हणजे सोलच्या गंगनाम भागातलं तायक्वांदोचं मुख्य केंद्र, १९७२ मध्ये उघडलेलं. पूम आणि डॅनची सर्टिफिकेटं तिथून येतात. १९७३ मध्ये स्थापन झालेली वर्ल्ड तायक्वांदो ही संघटना स्पर्धा बघते. ऑलिंपिकमध्ये २००० च्या सिडनीपासून जो तायक्वांदो पदकांसाठी खेळला जातो, तो हाच. यातले साचे (ठरलेल्या हालचालींचे क्रम), म्हणजे पूमसे, तेगुक एक ते आठ असे शिकवले जातात. दुसरी शाखा आयटीएफ, म्हणजे इंटरनॅशनल तायक्वांदो फेडरेशन. जनरल चोई होंग ही यांनी १९६६ मध्ये ती स्थापन केली. तिथे साच्यांना तुल म्हणतात आणि ते २४ आहेत, पहिला चोन-जी. चोई २००२ मध्ये गेले, आणि आज आयटीएफ हे नाव एकापेक्षा जास्त संघटना लावतात. त्यामुळे क्लास आयटीएफचा असेल तर "कोणती आयटीएफ?" हाही प्रश्न विचारायचा.

फाइटमधला फरक मोठा आहे. वर्ल्ड तायक्वांदोच्या नियमांत तोंडावर ठोसा मारायला बंदी आहे. गुण मुख्यतः लाथांचे: छातीवर ठोसा १, छातीवर लाथ २, डोक्यावर लाथ ३, आणि गिरकी घेऊन मारली तर छातीवर ४, डोक्यावर ५. आयटीएफमध्ये हातात ग्लोव्ह असतात आणि डोक्याच्या उंचीवर ठोसा चालतो, मात्र ताकद आवरून मारायचा असतो. दोन्ही शाखा चांगल्या आहेत. पण मुलीला पुढे शालेय किंवा राष्ट्रीय स्पर्धा खेळायच्या असतील तर पहिली शाखा निवडा. मध्येच शाखा बदलली तर साचे पहिल्यापासून शिकावे लागतात.

हॅपकिडो आणि तांग सू डो या कोरियन कला आहेत, पण वेगळ्या. हॅपकिडोत सांधे पिरगाळणं आणि पाडणं जास्त असतं. त्यांचे डॅन कुक्कीवॉन देत नाही. त्यामुळे सरांच्या नावापुढे "पाचवा डॅन" लिहिलेलं दिसलं तर तो कशातला, हे विचारून घ्या.

२. फी भरण्याआधी एक पूर्ण तास बसून बघा

बसू देत नसतील तर तो क्लास सोडा. बसू दिलं तर पुढच्या गोष्टी बघा.

जमीन कशी आहे? सोसायटीच्या पार्किंगमधल्या फरशीवर उड्या मारून घेत असतील तर गुडघे आणि घोटे जाणार. इंटरलॉक होणाऱ्या मॅट हव्यात, त्यांच्या फटी उघड्या नकोत. वॉर्मअप किती वेळ चालतो? पहिल्या पाच मिनिटांत कोणाला जबरदस्तीने स्प्लिटमध्ये बसवतात का? मागून पाठीवर दाब देऊन मुलांना खाली बसवणारे अजूनही भेटतात. असा शिक्षक नको.

मग डोल्यो चागी, म्हणजे बाजूने फिरून येणारी लाथ, शिकवताना बघा. लाथ मारताना ज्या पायावर उभं राहायचं, तो चवड्यावर फिरला पाहिजे आणि टाच लक्ष्याकडे वळली पाहिजे. तो पाय जमिनीला चिकटून राहिला की सगळा पीळ गुडघ्यात जातो. चांगले सर लाथ किती उंच गेली याआधी उभ्या पायाकडे बघतात, थांबवतात, पाय फिरवून दाखवतात. नुसतं "अजून वर, अजून वर" ओरडणारे सर दिसले की मला त्या मुलांची काळजी वाटते.

दुसरी खूण तेगुक एकची. हा सगळ्यांचा पहिला साचा, १८ हालचालींचा. त्यात उभं राहायच्या दोन पद्धती येतात. आप सोगी म्हणजे सहज चालताना टाकतो तेवढं पाऊल, दोन्ही गुडघे सरळ. आप कुबी म्हणजे लांब पाऊल, पुढचा गुडघा वाकलेला, मागचा पाय ताठ. साच्यात आप सोगीमधून आप कुबीत जाताना शरीर स्पष्ट खाली गेलेलं दिसलं पाहिजे. यलो बेल्टची मुलं दोन्ही पावलं सारखीच टाकत असतील आणि कोणी टोकत नसेल, तर त्या क्लासमध्ये बेल्ट पटापट मिळतात पण पाया घातला जात नाही. हे बघायला तुम्हाला तायक्वांदो येण्याची गरज नाही.

शेवटी वागणूक. छडी, शिक्षा म्हणून शंभर पुशअप, वजनावरून चिडवणं, स्पर्धेसाठी लहान मुलांना पाणी तोडून वजन कमी करायला लावणं, हे कडक शिस्तीच्या नावाखाली खपवून घेऊ नका. मुलींच्या बॅचला बाई शिक्षिका किंवा सीनियर मुलगी हजर असते का आणि पालकांना कधीही येऊन बसता येतं का, हे उघड विचारा.

३. शिक्षकाची पात्रता तपासा

यात संकोच करू नका. ज्यांचं खरं असतं ते आनंदाने दाखवतात.

कुक्कीवॉनच्या रचनेत आंतरराष्ट्रीय मास्टर इन्स्ट्रक्टरचा वेगळा कोर्स आणि वेगळं प्रमाणपत्र असतं. त्याची सुरुवात तिसऱ्या श्रेणीपासून होते आणि त्यासाठी किमान चौथा डॅन लागतो. दुसऱ्या श्रेणीला सहावा आणि पहिल्या श्रेणीला आठवा. म्हणजे डॅन असणं आणि शिकवायला पात्र असणं या त्यांच्या लेखी दोन वेगळ्या गोष्टी आहेत. साबुम (शिक्षक) हा शब्दही चौथ्या डॅनपासून पुढच्या शिक्षकांना वापरायची रीत आहे.

आपल्याकडे रोजचा क्लास बऱ्याचदा पहिल्या किंवा दुसऱ्या डॅनचे तरुण दादा-ताई घेतात. त्यात काही गैर नाही, त्यांच्यातले काही फार जीव लावून शिकवतात. पण त्यांच्यावर चौथ्या डॅनच्या पुढचे सीनियर कोण आहेत, ते महिन्यातून किती वेळा मैदानात येतात आणि परीक्षा कोण घेतं, हे समजलं पाहिजे. प्रथमोपचाराचं प्रशिक्षण आहे का, हेही विचारा. स्पर्धेत कधीकाळी मिळवलेलं पदक ही शिकवण्याची पात्रता नाही.

तपासायचे दोन मार्ग:

- कुक्कीवॉनच्या वेबसाइटवर शोधा. तिथे डॅनची पडताळणी करायची सोय आहे. नाव आणि जन्मतारीख किंवा सर्टिफिकेटचा नंबर टाकला की नोंद दिसते. सरांकडून सर्टिफिकेटचा फोटो मागा आणि घरी जाऊन नंबर टाका.
- वयाचं गणित करा. पहिल्यापासून दुसऱ्या डॅनला किमान १ वर्ष, दुसऱ्यापासून तिसऱ्याला २, मग ३, ४, ५, ६, आणि शेवटी ८ व ९ वर्षं थांबावं लागतं. पहिल्यापासून नवव्यापर्यंत किमान ३८ वर्षं. १५व्या वर्षी पहिला डॅन घेतलेल्याला चौथा २१च्या आधी आणि पाचवा २५च्या आधी मिळू शकत नाही. लहानपणी पूमवरून आलेल्याला चौथा १८व्या आणि पाचवा २२व्या वर्षी मिळू शकतो. विशीतला कोणी स्वतःला सातवा डॅन म्हणवत असेल तर तो कुक्कीवॉनचा नाही.

४. सामान: सगळं एकदम घेऊ नका

पहिल्या तीन महिन्यांत फक्त ड्रेस, म्हणजे डोबोक, आणि पांढरा बेल्ट पुरतो. कुक्कीवॉन पद्धतीचा डोबोक व्ही गळ्याचा असतो: रंगीत बेल्टवाल्यांचा गळा पांढरा, पूमचा लाल-काळा, डॅनचा काळा. मुलांसाठी एक माप मोठा घ्या, बाह्या दुमडता येतात.

फाइट सुरू झाली की मग लागतं:

- छातीचं चेस्टगार्ड, ज्याला होगू म्हणतात
- हेडगार्ड
- हाताचे आणि नडगीचे गार्ड
- ग्रॉइन गार्ड, मुलींनाही
- माउथगार्ड

चेस्टगार्ड आणि हेडगार्ड बहुतेक क्लासमध्ये सामाईक असतात. माउथगार्ड आणि ग्रॉइन गार्ड मात्र स्वतःचेच हवेत. सामान आमच्याकडूनच घ्या अशी सक्ती होत असेल तर बाजारातला भाव विचारून या.

५. रंगीत बेल्ट आणि परीक्षा

कोरियात रंगीत बेल्टच्या पातळ्यांना गूप म्हणतात आणि त्या वरून खाली मोजतात: दहावा सुरुवातीचा, पहिला ब्लॅक बेल्टच्या आधीचा. आपल्याकडे व्हाइट, यलो, ग्रीन, ग्रीन वन, ब्लू, ब्लू वन, रेड, रेड वन अशी नावं ऐकू येतात. मधले रंग क्लासप्रमाणे बदलतात, त्यावरून भांडायचं कारण नाही.

तीन ते चार महिन्यांनी एक परीक्षा हा वेग बरा. कोरियातली शाळकरी मुलं साधारण वर्षभरात पहिला पूम घेतात, हे ऐकून आपले काही क्लास "वर्षात ब्लॅक बेल्ट" अशी जाहिरात करतात. पण तिथे मुलं आठवड्याचे पाचही दिवस क्लासला जातात. आपल्याकडे आठवड्याला दोन किंवा तीन तास. त्या हिशोबाने अडीच-तीन वर्षं लागली तर काही चुकलेलं नाही. शिवाय तिथे पहिला डॅन म्हणजे आपल्याकडची दहावी: पाया झाला, आता खरं शिक्षण सुरू. आपण मात्र त्याला शिखर समजतो आणि ब्लॅक बेल्ट मिळाला की मूल क्लास सोडतं. मला याचं फार वाईट वाटतं, कारण कोर्यो हा पहिल्या डॅनचा साचा हातात येतो तेव्हाच शरीराला या कलेची गोडी लागलेली असते.

इथले सापळे:

- परीक्षेला कोणीच कधी नापास होत नाही. सहा महिने चौकशी करा. एकालाही "अजून तयारी नाही, पुढच्या वेळी बस" असं सांगितलं नसेल तर ती परीक्षा नाही, वसुली आहे.
- डबल प्रमोशनचे वेगळे पैसे.
- महिन्याच्या फीमध्ये परीक्षा फी, बेल्ट, सर्टिफिकेट, कॅम्प यांचा हिशोब न सांगणं. वर्षाचा एकूण खर्च पहिल्याच दिवशी लिहून मागा.
- चार-पाच वर्षांची आगाऊ फी, "ब्लॅक बेल्ट पॅकेज" म्हणून. तीन महिन्यांपेक्षा जास्त आगाऊ भरू नका.

गूपची सगळी सर्टिफिकेटं एका फाइलमध्ये ठेवा. बदली होऊन दुसऱ्या गावी गेलात तर नवे सर त्यावरूनच अंदाज बांधतात. बेल्ट एखादी पायरी खाली आणला तरी हुज्जत घालू नका.

६. पूम आणि डॅन: इथे कागद नीट बघा

१५ वर्षांखालच्या मुलाला डॅन मिळत नाही, पूम मिळतो. पूमचा बेल्ट अर्धा लाल, अर्धा काळा असतो. नऊ वर्षांच्या मुलाला पूर्ण काळा बेल्ट बांधून "पहिला डॅन" सांगितलं जात असेल तर तो कुक्कीवॉनचा नाही.

परीक्षेत साचे, फाइट आणि फळी फोडणं असतं. पहिल्या पूम किंवा डॅनसाठी तेगुक एक ते आठ सगळे तयार हवेत. त्यातले कोणते करायला सांगतील हे आधी कळत नाही, म्हणून तेगुक चार आणि सहा, जे मुलं टाळतात, ते जास्त घोटवून घ्या.

परीक्षा पास झाल्यावर अर्ज कुक्कीवॉनकडे जातो. इथे एक प्रश्न लेखी विचारा: "ही फी क्लासच्या ब्लॅक बेल्टची, राष्ट्रीय संघटनेच्या डॅनची, की कुक्कीवॉनच्या सर्टिफिकेटची?" तिन्हींचे कागद वेगळे असतात. अनेक ठिकाणी आधी क्लासचा ब्लॅक बेल्ट देतात आणि कुक्कीवॉनसाठी पुन्हा पैसे सांगतात. हे आधीच स्पष्ट सांगितलं तर हरकत नाही. परीक्षेनंतर सांगितलं तर ती फसवणूक आहे.

सोबत ठेवायची कागदपत्रं:

- जन्माचा दाखला
- पासपोर्ट असेल तर त्याची प्रत, नसेल तर आधार कार्ड
- पासपोर्ट आकाराचे फोटो, पांढरी पार्श्वभूमी
- शेवटच्या गूपचं सर्टिफिकेट
- पुढच्या डॅनसाठी आधीच्या पूम किंवा डॅनच्या सर्टिफिकेटची प्रत
- फी भरल्याची पावती

नावाच्या स्पेलिंगवर अर्धा तास घालवा. आपल्याकडे शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, आधारवर मधे वडिलांचं नाव, पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा. क्लासमध्ये कोणीतरी घाईने व्हॉट्सअॅपवरून नावं उतरवून घेतं, आणि सर्टिफिकेटवर वडिलांचं नाव आडनाव होऊन येतं. पुढे परदेशी स्पर्धेला किंवा शिकायला गेल्यावर ते पासपोर्टशी जुळत नाही, आणि दुरुस्तीला पुन्हा अर्ज, पुन्हा फी. पासपोर्ट असेल तर त्यावरचं नाव अक्षरन् अक्षर स्वतः लिहून द्या आणि अर्ज पाठवण्याआधी त्याचा फोटो मागून तपासा. जन्मतारखेत दिवस आणि महिना उलटे झालेले नाहीत ना, तेही बघा.

७. स्पर्धा, संघटना आणि सवलतीचे गुण

बेल्टचं सर्टिफिकेट दाखवून दहावी-बारावीचे सवलतीचे गुण मिळत नाहीत. ते क्रीडा विभागाच्या नियमात बसणाऱ्या स्पर्धांतल्या सहभागावर आणि कामगिरीवर मिळतात. राज्य सरकारी नोकरीतल्या ५ टक्के खेळाडू आरक्षणालाही हेच लागू आहे, आणि तिथे प्रत्येक प्रमाणपत्राची क्रीडा विभागाकडून पडताळणी होते. "आमच्या नॅशनलमध्ये खेळवा, मार्क मिळतील" असं कोणी सांगितलं तर पैसे भरण्याआधी तुमच्या जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन त्या स्पर्धेचं नाव सांगा आणि विचारा.

भारतात तायक्वांदोच्या राष्ट्रीय संघटनेवरून वर्षानुवर्षं वाद आणि कोर्टकचेऱ्या चालत आल्या आहेत. सारख्याच नावांच्या संघटना स्पर्धा भरवतात, सगळ्यांच्या बॅनरवर "नॅशनल" असतं. सध्या मान्यता कोणाला, हे वर्ल्ड तायक्वांदोच्या वेबसाइटवरच्या भारताच्या नोंदीत आणि केंद्रीय क्रीडा मंत्रालयाच्या यादीत दरवर्षी नव्याने बघा. मागच्या वर्षीचं उत्तर धरून चालू नका.

८. सर्टिफिकेट आल्यावर

कुक्कीवॉनच्या वेबसाइटवर लगेच स्वतःची नोंद शोधा. नाव, जन्मतारीख, नंबर जुळतोय का बघा, आणि त्या पानाचा स्क्रीनशॉट ठेवा. नोंद दिसत नसेल तर महिनाभर थांबा, मग लेखी विचारणा करा. तोंडी "येईल, येईल" वर समाधान मानू नका.

मुलाकडे पहिला, दुसरा किंवा तिसरा पूम असेल तर १५ वर्षं पूर्ण झाल्यावर तो त्याच पातळीच्या डॅनमध्ये बदलून घेता येतो. चौथ्या पूमसाठी ही वयाची अट १८ आहे. हे आपोआप होत नाही, त्यासाठी अर्ज करावा लागतो. नेमकं त्याच वयात दहावीचं वर्ष येतं, क्लास सुटतो आणि अर्ज राहून जातो. पंधराव्या वाढदिवसाची तारीख आत्ताच मोबाइलमध्ये टाकून ठेवा, आणि जुनं सर्टिफिकेट लॅमिनेट करू नका, नुसतं प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवा.